स्टोरीवीव्हर सहावी ते आठवीच्या वर्गात: वाचायला तोकडे, छापायला भरपूर

प्रथम बुक्सचे स्टोरीवीव्हर हे मोफत पुस्तकांचे संकेतस्थळ ८ सप्टेंबर २०१५ रोजी, साक्षरता दिनी, सुरू झाले. २०२० साली शाळा बंद पडल्या तेव्हा राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने (एससीईआरटी) युनिसेफ आणि प्रथम बुक्स यांच्यासोबत ‘गोष्टींचा शनिवार’ चालवला आणि यातली पुस्तके पालकांच्या मोबाइलवर पोचली. त्यामुळे पहिली-दुसरीच्या बाईंना हे नाव नवे नाही. (‘असर’चा अहवाल काढणारी ‘प्रथम’ आणि २००४ मध्ये निघालेली बंगळुरूची प्रथम बुक्स या नात्यातल्या, पण वेगळ्या संस्था. शाळांत हा घोटाळा नेहमी होतो.)

हे परीक्षण फक्त सहावी ते आठवीपुरते आहे, म्हणजे शिक्षणहक्क कायद्याने ज्याला उच्च प्राथमिक म्हटले त्या वर्गांपुरते. या वयाची मुले शाळेच्या कपाटापासून दूर जातात, शिक्षक म्हणतात ‘वाचतच नाहीत’, आणि मग कोणीतरी हे संकेतस्थळ सुचवते. आमचे मत आधीच सांगून टाकतो. या मुलांचे स्वतःचे वाचनालय म्हणून स्टोरीवीव्हर अपुरे आहे. पण याच मुलांना धाकट्यांसाठी पुस्तके निवडायला, मराठीत आणायला, छापायला, शिवायला आणि देवघेव सांभाळायला लावायचे असेल, तर इतके सोयीचे मोफत साधन शोधून सापडणार नाही. बहुतेक शाळा ते पहिल्या कामासाठी वापरायला जातात आणि दोन महिन्यांत सोडून देतात.

अपुरे का, ते हिशेबाने पाहू. पुस्तकांच्या चार पातळ्या आहेत: पहिली साधारण २५० शब्दांपर्यंत, दुसरी २५० ते ६००, तिसरी ६०० ते १,५०० आणि चौथी १,५०० च्या पुढे. सातवीतले बऱ्यापैकी वाचणारे मूल मिनिटाला शंभर शब्द सहज वाचते. म्हणजे चौथ्या पातळीचे पुस्तकही पंधरा-वीस मिनिटांत, एका तासिकेच्या आत संपते. बारा-तेरा वर्षांच्या वाचकाला हवे असते ते चार दिवस उशाशी राहणारे पुस्तक, ज्यातले पात्र जेवताना आठवते. ते इथे फारसे नाही. शिवाय चित्रे मोठी, मजकूर थोडा, मुखपृष्ठावर गुबगुबीत हत्ती. सातवीचा मुलगा हे मित्रांसमोर हातात धरायला लाजतो. चौथ्या पातळीत विज्ञान, निसर्ग आणि चरित्रपर पुस्तके चांगली आहेत. तेवढी ‘बुकशेल्फ’मध्ये, म्हणजे संकेतस्थळावरच्या आपल्या यादीत, ठेवावीत. पण त्यावर वर्ष निघणार नाही.

दर्जाबाबतही सावध राहावे. भाषा, पातळी, विषय, प्रकाशक अशी चाळणी लावून शोधता येते, आणि ती लावल्याशिवाय शोधूच नये. इथे प्रथम बुक्सची संपादित पुस्तके आणि कोणाही वाचकाने हौसेने टाकलेले भाषांतर शेजारी-शेजारी दिसते. मराठीत हौशी भाषांतरांचा भरणा बराच आहे. ‘तो आनंदी झाला होता कारण त्याच्याकडे एक पतंग होता’ अशी वाक्ये ज्या पानावर दिसतील ते पुस्तक बंद करावे. शिक्षकाने पहिल्यांदा प्रकाशकाच्या चाळणीतून प्रथम बुक्स निवडावे, मराठी निवडावे, आणि आलेल्यातली तीस-चाळीस पुस्तके स्वतः वाचून यादी करावी. चित्रे पाहून निवड करणारे शिक्षक महिन्याभरात फसतात.

हौशी भाषांतरांचा एक उपयोग मात्र छान होतो. एकाच गोष्टीची दोन मराठी रूपे संकेतस्थळावर अनेकदा मिळतात. आठवीच्या वर्गाला दोन्ही द्या आणि विचारा: पहिलीच्या मुलाला कोणते वाचून दाखवाल? का? आकलनाचे दहा प्रश्न सोडवताना जेवढे बारीक वाचन होत नाही तेवढे या एका प्रश्नाने होते.

मागे पडलेल्या वाचकाची अडचण

सहावीच्या कोणत्याही वर्गात चार-सहा मुले अशी असतात जी अजून दुसरीच्या मजकुरावर अडखळतात. त्यांना पहिल्या पातळीचे पुस्तक हवे असते आणि तेच हातात घेणे त्यांना अपमानाचे वाटते. पातळीनुसार रंगीत पट्ट्या लावलेली कपाटे या मुलांना सगळ्या वर्गासमोर उघडे पाडतात. म्हणून अशी मुले पुस्तक नेतच नाहीत, किंवा जाडजूड पुस्तक नेऊन न वाचता परत आणतात.

यावरचा खरा उतारा म्हणजे काम. ‘शुक्रवारी पहिलीच्या वर्गात हे पुस्तक वाचून दाखवायचे आहे’ असे सांगितले की तेच २०० शब्दांचे पुस्तक बालिश राहत नाही, जबाबदारीचे होते. वाचून दाखवण्यासाठी सराव लागतोच. हुशार मुलालाही लागतो, त्यामुळे सराव करणारा कोणीच कमी ठरत नाही. २०० शब्द वाचून दाखवायला चित्रांसकट पाच-सहा मिनिटे पुरतात. त्याआधी एकदा मनात, एकदा जोडीदाराला आणि एकदा पुस्तक बाजूला धरून, असा तीनदा सराव करून घ्यावा. पुस्तक बाजूला धरणे ही वेगळी कला आहे: श्रोत्यांना चित्र दिसले पाहिजे आणि वाचणाऱ्याला अक्षरे. पान उलटण्याआधी थांबायचे, ‘आता काय होईल?’ विचारायचे, उत्तर चुकले तरी ‘नाही’ म्हणायचे नाही. एवढे तीन नियम पुरे.

संकेतस्थळाच्या पीडीएफमध्ये मलपृष्ठावर गोष्टीचा सारांश आणि ‘हे अमुक पातळीचे पुस्तक आहे’ अशा अर्थाचे वाक्य असते. देवघेवीची तारीख-चिठ्ठी नेमकी या दोन्हींवर चिकटवावी. त्याने दोन कामे होतात. पातळी झाकली जाते. सारांश उतरवून ‘पुस्तक परिचय’ लिहिण्याची सोयही जाते.

पण इथे एक अडचण आहे जी शहरातल्या शाळांना लगेच जाणवेल. जिल्हा परिषदेच्या पहिली ते सातवी-आठवीच्या शाळेत धाकटे श्रोते त्याच आवारात असतात. पाचवीपासून सुरू होणाऱ्या माध्यमिक शाळेत ते नसतात. मग जवळची प्राथमिक शाळा किंवा अंगणवाडी धरावी लागते आणि आठवड्याच्या ठरावीक वेळी मुलांना तिथे नेण्याची परवानगी काढावी लागते. त्यासाठी २०२४ पासून पहिली ते आठवीला लागू झालेला उपक्रमांचा ‘आनंददायी शनिवार’ सोयीचा आहे. तासिकांची ओढाताण होत नाही.

भाषांतर: सात तासिकांचे काम

स्टोरीवीव्हरवर खाते उघडले की कोणत्याही गोष्टीवर भाषांतराचा पर्याय मिळतो. भाषा निवडली की मूळ मजकूर समोर ठेवून पानागणिक आपला मजकूर भरता येतो. चित्रे जागेवर राहतात. मसुदा साठवता येतो, लगेच प्रसिद्ध करावा लागत नाही. हे सगळे सुटसुटीत आहे. अवघड भाग संगणकाबाहेरचा.

चाळीस मुलांचा वर्ग असेल तर चौघांचे दहा गट करावेत. प्रत्येक गटाला पहिल्या किंवा दुसऱ्या पातळीची, २०० ते ३०० शब्दांची, इंग्रजी किंवा हिंदी गोष्ट द्यावी. तिसऱ्या पातळीच्या मागे पहिल्या वर्षी लागू नये. १,००० शब्दांत गट दमतो आणि शेवटी एकच मुलगी सगळे लिहून टाकते. गोष्ट निवडण्याआधी ती मराठीत आधीच आहे का ते पाहावे. हे विसरले की मुले सहा तासिका खपतात आणि मग तयार भाषांतर सापडते.

पहिल्या तासिकेला नुसते वाचन आणि अडलेले शब्द. दुसऱ्या-तिसऱ्याला वहीत कच्चे भाषांतर, एका पानावर मूळ गोष्टीचे एकच पान, खाली दुरुस्तीला जागा सोडून. चौथ्याला मूळ बंद करून फक्त मराठी मोठ्याने वाचायचे. जिथे जीभ अडते तिथे खूण. पाचवी तासिका सगळ्यांत मोलाची आणि तीच गाळली जाते: कच्चा मसुदा पहिलीच्या दोन मुलांना वाचून दाखवायचा आणि ती कुठे कंटाळली, कुठे ‘म्हणजे काय?’ म्हणाली, ते टिपायचे. सहावीला दुरुस्ती, सातवीला टंकलेखन.

चुका ठरावीक असतात. इंग्रजीतल्या खारीला, पालीला, माशाला लिंग नसते, मराठीत ठरवावेच लागते. एका पानावर ‘खार पळाली’ आणि पुढच्यावर ‘तो म्हणाला’ असे हमखास होते. आई मुलाला ‘तुम्ही’ म्हणते, कारण इंग्रजीत सगळ्यांना एकच शब्द. हिंदीवरून करताना ‘खाली डिब्बा’ मराठीत खालीच राहतो, रिकामा होत नाही. ‘शिक्षा’ आणि ‘चेष्टा’ तर उलटाच अर्थ देतात. या तीन-चार गोष्टींची तक्ती वर्गात लावावी आणि गटातल्या एकाला फक्त तेवढेच तपासायचे काम द्यावे. शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ, ‘आणि’ व ‘नि’ अपवाद. तत्सम शब्द कोशात पाहायचे. शुद्धलेखनाच्या तासाला न बसणारा नियम इथे बसतो, कारण चूक छापली जाणार असते.

वर्गात अहिराणी, कोकणी, गोंडी किंवा लमाण भाषा घरी बोलणारी मुले असतील तर त्यांना मराठीनंतर तीच गोष्ट घरच्या भाषेत करू द्यावी. प्रमाण मराठीत गप्प बसणारे मूल तिथे गटाचे जाणकार होते. ही प्रत संकेतस्थळावर चढवायची गरज नाही, छापली तरी पुरे.

टंकलेखन हीच अडणारी जागा. शाळेत दोन चालू संगणक असले तर दहा गट रांगेत उभे राहतात. गटांना एकेका आठवड्याच्या अंतराने सुरू करावे म्हणजे कोणी वाचत असते, कोणी टंकत असते. मोबाइलच्या मराठी कळफलकावर बोलून लिहिण्याची सोय वेळ वाचवते. मात्र विरामचिन्हे आणि अनुस्वार ती खाते; म्हणून मुद्रितशोधन सक्तीचे. शाळेच्या कार्यालयातून श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टंकून आणलेला मजकूर चालत नाही. ते फॉन्ट युनिकोड नाहीत, चिकटवल्यावर अगम्य चिन्हे उमटतात आणि सगळे पुन्हा करावे लागते. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ यातला ऱ्य आणि ‘सूर्य’मधला र्य वेगळा आहे, हे छापण्याआधी एकदा सगळ्या पानांवर शोधून पाहावे. मराठी वाक्य बऱ्याचदा मूळ इंग्रजीपेक्षा लांब होते आणि मजकुराच्या चौकटीत मावत नाही. तेव्हा अक्षर बारीक करण्याचा मोह होतो. वाक्य लहान करावे. पहिलीचे मूल बारीक अक्षर वाचणार नाही.

संकेतस्थळावर प्रसिद्ध करायचे तर शिक्षकाच्या देखरेखीखाली, शाळेच्या खात्यावरून. मुलांची पूर्ण नावे, इयत्ता, गाव आणि फोटो टाकू नयेत. छापील प्रतीवर हवी तेवढी नावे लिहावीत, तिथे तो मुलांचा हक्कच आहे.

छपाई: विकत घ्यावे की छापावे?

या पुस्तकांचा परवाना क्रिएटिव्ह कॉमन्स ॲट्रिब्युशन ४.० आहे. प्रती काढा, भाषांतर करा, बदल करा, विकासुद्धा. अट एकच, श्रेय द्यायचे. लेखक, चित्रकार, मूळ गोष्ट आणि परवाना यांची माहिती पीडीएफच्या शेवटच्या पानांवर असते. झेरॉक्सवाले कागद वाचवायला नेमकी ती पाने गाळतात. ती गाळली की परवान्याची अटच मोडते, म्हणून मोजून घ्यावीत.

आता खर्च. पाने सोळा धरा. ए-४ कागदावर दोन पाने, दोन्ही बाजूंनी, म्हणजे चार कागद, आठ बाजू. रंगीत छपाई बाजूला दहा रुपये धरली तर ऐंशी रुपये झाले. प्रथम बुक्सची बरीच छापील पुस्तके शंभराच्या आत, चांगल्या कागदावर आणि शिलाईसकट मिळतात. तेव्हा जे पुस्तक मराठीत छापील मिळते ते विकतच घ्यावे. ‘समग्र शिक्षा’ या सरकारी योजनेत ग्रंथालयासाठी शाळेच्या स्तरानुसार ५,००० ते २०,००० रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे. ते याच कामी यावे. शाळेची छपाई फक्त मुलांनी केलेल्या भाषांतरांसाठी आणि बाजारात नसलेल्या पुस्तकांसाठी. कृष्णधवल प्रत स्वस्त पडते, पण गडद पार्श्वभूमीवर मजकूर असलेली पाने काळीकुट्ट येतात. आधी एकच प्रत काढून पाहावी, आणि अशी पाने तीन-चार असली तर दुसरे पुस्तक निवडावे.

छपाईतली चूक जवळजवळ प्रत्येक शाळा पहिल्यांदा करते. बरीचशी पुस्तके आडवी असतात. ए-४ उभा धरून त्यावर दोन आडवी पाने, एकाखाली एक, छापली आणि मधोमध कापले की आडवे ए-५ पुस्तक होते. पण ‘एका कागदावर दोन पाने, दोन्ही बाजू’ एवढेच सांगितले तर पुढे १ आणि २, मागे ३ आणि ४ येते. कापल्यावर एकाच्या मागे तीन निघते आणि गोष्टीची वाट लागते. पाने आधी पीडीएफ मांडणाऱ्या एखाद्या मोफत साधनात लावून घ्यावीत. सोळा पानांसाठी क्रम असा: १, ९, २, १०, मग ३, ११, ४, १२, मग ५, १३, ६, १४, मग ७, १५, ८, १६. कागद लांब कडेवर उलटायचा. चारही कागद एकत्र कापून वरचा गठ्ठा खालच्यावर ठेवला की पुस्तक क्रमाने लागते. पानांची संख्या चाराच्या पटीत नसेल तर मागे कोरी पाने जोडावीत आणि दुसरा आकडा निम्म्याच्या पुढून मोजावा: वीस पाने असतील तर १, ११, २, १२ पासून सुरुवात. छापताना मजकूर ९० टक्के आकारात घ्यावा, नाहीतर डाव्या कडेची अक्षरे शिलाईत जातात.

कागद ८० जीएसएमच्या खाली नको. ७० मधून मागचे चित्र दिसते आणि नवा वाचक गोंधळतो. बांधणीला स्टेपलर सोपा, पण पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, पिना गंजतात आणि पानांवर तांबडे डाग पडतात. दोऱ्याची शिलाई मुलांना अर्ध्या तासात येते. डाव्या कडेपासून ८ मिलिमीटरवर पेन्सिलीने रेघ, तिच्यावर दाभणाने पाच भोके, मेण फासलेला जाड सुती दोरा. मधल्या भोकातून सुरुवात करून एका टोकाला, परत दुसऱ्या टोकाला, शेवटी मध्यावर गाठ. दाभण शिक्षकाच्या हाती राहावे आणि खाली जाड पुठ्ठा हवा. वेष्टनाला जुन्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेचा जाड कागद उत्तम: ४३ सेंटिमीटर लांब, १५ उंच पट्टी मधोमध दुमडून कण्यावर चिकटवायची, कोरी बाजू बाहेर. नाव मुलांनी हाताने लिहावे. बाइंडर खळीत कसर लागू नये म्हणून मोरचूद घालतात. तो विषारी आहे, शाळेत घालू नये. पाणी घालून थोडा पातळ केलेला फेविकॉल पुरतो. कण्याला सेलोटेप लावू नये, वर्षभरात तो पिवळा पडून सुटतो आणि चिकट घाण मागे राहते. कापडी टेप वापरावा.

कपाटाला कुलूप का असते

शाळेतले पुस्तक मुलांपर्यंत पोचत नाही, याला शिक्षकांची अनास्था हे एकच कारण नाही. विकत घेतलेले किंवा योजनेतून आलेले पुस्तक नोंदवहीत चढते आणि हरवले की मुख्याध्यापकांना उत्तर द्यावे लागते. बदलीच्या वेळी यादी ताडून पाहिली जाते. त्यामुळे कपाट बंद ठेवणे हा समजूतदारपणा ठरतो. शाळेने छापलेल्या प्रतींचे बळ इथे आहे: त्या हरवल्या तर फाइल शाबूत असते, पुन्हा छापता येतात. म्हणून संपूर्ण देवघेव मुलांच्या हाती सोपवायला याच प्रतींपासून सुरुवात करावी. महिना-दोन महिन्यांत किती पुस्तके परत येतात हे दिसले की मुख्याध्यापक कपाटाची किल्लीही देऊ लागतात.

नोंदवही साधी ठेवावी: क्रमांक, पुस्तक, कोणी नेले, नेल्याची तारीख, आणल्याची तारीख, स्थिती. ‘स्थिती’चा रकाना नेताना आणि आणताना दोन्ही वेळा भरायचा, नाहीतर फाटले कोणाकडून यावर भांडणे होतात. ग्रंथपालाचे काम वर्गप्रमुखाला किंवा पहिल्या नंबराला देण्याची सवय मोडावी. आठवीचा एक आणि सहावीचा एक अशी जोडी महिनाभर, मग दुसरी. सहावीचे मूल दोन वर्षांनी तेच काम शिकवणारे होते. ग्रंथपालांना निर्णयाचा अधिकार खरा हवा: पुढची कोणती पाच पुस्तके छापायची, कोणते पुस्तक बाद करायचे, वेळ कोणती ठेवायची. शिक्षकाने दर वेळी वरून फिरवाफिरव केली तर मुले आठवड्याभरात नुसती सही करणारी होतात.

दंड ठेवू नये. रुपया-दोन रुपयांच्या दंडाने पुस्तके लवकर परत येत नाहीत. गरीब घरची मुले पुस्तके नेणेच थांबवतात. फाटले तर दुरुस्ती, हरवले तर छपाईच्या गटात बसून नवी प्रत शिवून द्यायची. दुरुस्तीचा डबा वर्गातच असावा: कात्री, कापडी टेप, फेविकॉल, दोरा, सुई.

‘कोणी किती पुस्तके वाचली’ हा भिंतीवरचा तक्ता मात्र काढून टाकावा. इतक्या छोट्या पुस्तकांत तो शर्यत लावतो. एक मुलगा दिवसात बारा पुस्तके ‘वाचतो’ आणि जाडे पुस्तक घेणारी मुलगी महिनाभर एकवरच राहते. त्याऐवजी ‘हे पुस्तक मी अमक्याला सुचवतो, कारण…’ अशी एका ओळीची चिठ्ठी पुस्तकातच ठेवावी. दुसऱ्या मुलाने ती वाचून पुस्तक नेले तर तो खरा शेरा. १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिनही फोटोपुरता साजरा करण्यापेक्षा मुलांनी छापलेल्या पुस्तकांच्या प्रकाशनाला द्यावा. जुलैत सुरुवात केली तर दहा गटांची पुस्तके तोपर्यंत तयार होतात.

मोठ्यांना स्वतःला काय वाचायला द्यायचे

इतके करूनही सातवी-आठवीची वाचनाची भूक स्टोरीवीव्हर भागवत नाही, हे सुरुवातीलाच म्हटले. त्यासाठी सर्वांत हाताशी असलेले दुसरे मोफत साधन म्हणजे बालभारतीचे ‘किशोर’. नोव्हेंबर १९७१ पासून निघणाऱ्या या मासिकाचे जुने अंक बालभारतीने महाजालावर मोफत ठेवले आहेत. कथा, कविता, विज्ञान, कोडी, लेख, आणि महत्त्वाचे म्हणजे पुढच्या अंकाची वाट पाहायला लावणारे मजकूर. भाषा स्टोरीवीव्हरपेक्षा एक पायरी वरची. जुन्या अंकांतली काही माहिती आता कालबाह्य आहे. ती हुडकून काढणे हेच आठवीला काम म्हणून देता येते. स्कॅन केलेला आख्खा अंक मोबाइलच्या छोट्या पडद्यावर वाचणे त्रासाचे, म्हणून निवडक कथांची पाने छापून एकत्र शिवावीत. मात्र इथे परवाना स्टोरीवीव्हरसारखा खुला नाही. वर्गापुरती वाचनप्रत आणि भाषांतर करून पुन्हा प्रसिद्ध करणे यांतला फरक मुलांना सांगावा. नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालयातली मराठी पुस्तकेही स्वस्त आहेत आणि अनुदानात बसतात.

वर्गात स्मार्ट टीव्ही असेल तर स्टोरीवीव्हरची पुस्तके त्यावर दाखवता येतात, पण तळाशी असलेला मजकूर तीन मीटरच्या पलीकडे वाचता येत नाही. मागची दोन बाके नुसती चित्रे पाहतात. काही पुस्तकांना वाचनध्वनी आहे, शब्द उजळत जातात. ते धाकट्यांसाठी बरे, सातवीला कंटाळवाणे. इंटरनेट बेभरवशाचे असेल तर ऑफलाइन साठवणीची सोय आहे, मात्र ती ब्राउझरमध्येच राहते. कोणी ब्राउझरचा साठा पुसला की पुस्तके गेली. पीडीएफ उतरवून पेनड्राइव्हवर, पातळी आणि क्रमांक फाइलच्या नावात घालून ठेवणे जास्त खात्रीचे.

शेवटची अडचण संकेतस्थळाची नाही, बदल्यांची आहे. बहुतेक शाळांत हे खाते एखाद्या उत्साही शिक्षकाच्या खासगी ईमेलवर उघडलेले असते. त्यांची बदली झाली की मसुदे, बुकशेल्फ आणि अर्धवट भाषांतरे त्यांच्याबरोबर जातात, आणि नव्या शिक्षकाला शून्यातून सुरुवात करावी लागते. खाते शाळेच्या ईमेलवर उघडावे, पासवर्ड आणि पेनड्राइव्हची नोंद पदभाराच्या यादीत घालावी, आणि त्या नोंदीची एक प्रत चालू महिन्याच्या बालग्रंथपालांच्या वहीत नव्हे, मुख्याध्यापकांच्या फाइलमध्ये ठेवावी.